कलबुर्गीनंतर बर्थ रिकामा आहे

‘गाडी फुल्ल आहे’ या वाक्यावर यापुढे विश्वास ठेवू नका. अर्धंच खरं असलेलं हे वाक्य ऐकून हजारो माणसं दर सणाला आपलं घर लांबणीवर टाकतात.

बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये मराठी माणसं कमी नाहीत. सेक्टर एकपासून सातपर्यंत कुठेही जा, पुण्याचा, कोल्हापूरचा, नागपूरचा, सोलापूरचा कुणीतरी भेटतोच. कुणी स्टार्टअपमध्ये कोड लिहितं, कुणी बँकेत आहे, कुणी इमारतीच्या गेटवर रात्रपाळी करतं. गणपती जवळ आले की या सगळ्यांचं बोलणं एकाच प्रश्नावर येतं. तिकीट लागलं का? उत्तरही ठरलेलं. वेटिंग आहे, गाडी फुल्ल आहे. मग शुक्रवारी संध्याकाळी ट्वेंटी-सेव्हन्थ मेनवरून बॅगा घेऊन माणसं सिल्क बोर्डच्या चौकाकडे निघतात आणि सणाच्या दरातली खाजगी बस पकडतात. त्याच रात्री मेजेस्टिकच्या केएसआर स्टेशनातून मुंबईला सुटणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसमध्ये काही बर्थ वाटेतल्या एखाद्या टप्प्यात मोकळे धावणार असतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मोकळे कसे, ते नीट बघू. सगळा मुद्दा तिथेच आहे.

आपल्याला वाटतं की बर्थ बेंगळुरू ते मुंबई असा सलग विकला जातो. तसं नसतं. तो टप्प्याटप्प्याने विकला जातो. उद्यान रात्री केएसआर स्टेशनातून निघते, गुंतकल, रायचूर, वाडी करत सकाळी कलबुर्गी गाठते. मग सोलापूर, दौंड, पुणे आणि शेवटी मुंबई. समजा, एस-पाच डब्यातला ३९ नंबरचा साइड लोअर कलबुर्गीच्या माणसाने घेतला. सकाळी तो बॅग खांद्याला लावून उतरला. तिथून पुढे त्या बर्थवर कुणाचं तिकीट नसेल तर तो मुंबईपर्यंत रिकामा. त्याच डब्यात ४७ नंबर सोलापूरला चढणाऱ्या माणसाचा आहे, आणि सोलापूरपर्यंत त्याच्यावर कुणी नाही. तुम्हाला हवं होतं बेंगळुरू ते पुणे. सोलापूरपर्यंत ४७, तिथून पुढे ३९, एवढं जुळवलं असतं तर तुम्ही झोपून घरी पोचला असता. मधे एकदा चादर उचलून आठ बर्थ पलीकडे जावं लागलं असतं, एवढंच. पण आरक्षणाचा संगणक असं जुळवून देत नाही. त्याला सलग बर्थ सापडला नाही, म्हणून त्याने तुम्हाला वेटिंगवर टाकलं आणि तुम्ही मान्य केलं.

दुसरा गुंता कोट्याचा. जनरल कोटा वेगळा, पूल्ड कोटा वेगळा, मधल्या स्टेशनांना राखून ठेवलेला रिमोट लोकेशनचा कोटा वेगळा. शिवाय तत्काळ, प्रीमियम तत्काळ, महिलांचा, संरक्षण दलांचा, मुख्यालयाचा. प्रत्येक कोट्याची रांग स्वतंत्र. पूल्ड कोट्यातलं वेटिंग त्या पुलातलं कुणी रद्द केलं तरच पुढे सरकतं, जनरलमध्ये कितीही जागा सुटल्या तरी चार्ट लागेपर्यंत त्याचा उपयोग नाही. लोकांना हे अनुभवाने कळलेलं आहे. म्हणून पुण्याला उतरणारा माणूस मुंबईचं तिकीट काढतो, कारण शेवटच्या स्टेशनचं वेटिंग लवकर सुटतं. त्याने जादा पैसे भरले, तो पुण्याला उतरला, आणि पुणे ते मुंबई तो बर्थ कागदावर भरलेला, प्रत्यक्षात रिकामा. लोणावळ्याचा घाट तो बर्थ मोकळाच उतरतो. माणसाला मी दोष देणार नाही. ज्या नियमामुळे खरं स्टेशन लिहिणाऱ्याचा तोटा होतो, तो नियमच वाईट आहे.

आणि तिसरी गोष्ट, न आलेला प्रवासी. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर परतावा शून्य. साधं कन्फर्म तिकीटही गाडी सुटायच्या तोंडावर रद्द केलं तर हातात काही पडत नाही. मग रद्द कोण करेल? कशासाठी? ऑफिसातून सुटी मिळाली नाही, पोराला ताप आला, माणूस घरीच बसतो, पैसे बुडाले म्हणून हळहळतो आणि बर्थ तसाच जातो. रेल्वेने त्या बर्थचे पैसे एकदा घेतलेले असतात. तो सोडून दिला तर त्यातले थोडे जरी परत मिळाले असते तरी त्याने फोन उचलून रद्दचं बटण दाबलं असतं. दोन माणसांचं भलं झालं असतं आणि रेल्वेचं काही गेलं नसतं, कारण बर्थ पुन्हा विकला गेला असता.

आता चार्टकडे येऊ.

पूर्वी आरक्षित डब्याच्या दाराशी कागदी चार्ट चिकटवलेला असायचा. बर्थ नंबर, नाव, वय, कुठून कुठे. प्लॅटफॉर्मवर गर्दी त्या कागदाला चिकटून उभी असायची, बोट वरून खाली फिरायचं. त्यात आपलं नाव शोधायचं आणि नसेल तर कोण कुठे उतरतो ते बघायचं. ज्याला फोन नव्हता, खातं नव्हतं, त्यालाही तो कागद वाचता यायचा, नाहीतर शेजारचा वाचून दाखवायचा. १ मार्च २०१८ पासून रेल्वेने देशभरातल्या मोठ्या स्टेशनांवर डब्यांना चार्ट चिकटवणं बंद केलं. बेंगळुरू आणि यशवंतपूर स्टेशनांवर तर हे त्याआधीच बंद झालं होतं. कागद वाचला, हे चांगलंच झालं. पण त्या कागदावरची माहिती ज्याला सर्वांत जास्त लागायची, त्याच्यासाठी दुसरी सोय कुणी केली नाही.

वर्षभराने, २०१९ च्या सुरुवातीला, आयआरसीटीसीने चार्ट संकेतस्थळावर खुला केला. ही फार चांगली गोष्ट झाली आणि तिचं श्रेय रेल्वेला दिलंच पाहिजे. ‘चार्ट्स/व्हेकन्सी’ असं बटण आहे. लॉगिन लागत नाही. गाडीचा नंबर, तारीख आणि चढायचं स्टेशन टाका. वर्गवार रिकाम्या जागा दिसतात. डबा उघडला की बर्थची आखणी दिसते. बर्थवर बोट ठेवलं की तो कुठून कुठपर्यंत भरलेला आहे आणि कुठून मोकळा आहे ते दिसतं. मी वर जे ३९ आणि ४७ नंबरचं गणित मांडलं, ते तिथे उघड्या डोळ्यांनी वाचता येतं. म्हणजे रेल्वेला माहीत आहे. चांगलं माहीत आहे. फक्त तिकीट काढायच्या वेळी ती तुम्हाला सांगत नाही. तुम्ही दुसऱ्या दाराने जाऊन विचारलं तर सांगते.

चार्ट लागायची वेळही आता बदलली आहे. पूर्वी गाडी सुटण्याआधी चार तास चार्ट लागायचा. जुलै २०२५ मध्ये ही वेळ किमान आठ तासांवर नेली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दहा तासांवर, आणि दुपारी दोनच्या आधी सुटणाऱ्या गाड्यांचा चार्ट आदल्या रात्रीच लावायचं ठरलं. एचएसआरमध्ये राहणाऱ्या माणसाला या जादा तासांची किंमत सांगायला नको. चार तास आधी कळलं, तेव्हा तो आगरा तलावाजवळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला असायचा आणि वेटिंग सुटलं नाही तर तिथूनच रिक्षा परत फिरवायचा. आता रात्रीच्या गाडीचं दिवसाच कळतं. हाताशी वेळ राहतो. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं उद्घाटन झालं. त्यानंतर सिल्क बोर्डहून आरव्ही रोड आणि तिथून हिरव्या मार्गाने मेजेस्टिक हा रस्ताही मोकळा झाला.

चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगमध्ये येतात. ऑनलाइनही मिळतात, स्टेशनच्या खिडकीवरही. जानेवारी २०१७ पासून या जागांना मूळ भाड्यात दहा टक्के सूटही रेल्वेने ठेवली. गाडी सुटायच्या सुमारे अर्धा तास आधी दुसरा चार्ट लागतो, तोपर्यंत हा व्यवहार चालू असतो. म्हणून ज्याचं ऑनलाइन वेटिंग सुटलं नाही, त्याने हात झटकून बसची ॲप उघडण्याआधी हे करून बघावं. आधी चार्ट उघडा. आपल्या स्टेशनपर्यंत सलग बर्थ नसेल तर कुठपर्यंत आहे ते बघा. सोलापूरपर्यंत असेल तर सोलापूरपर्यंतचं घ्या. तिथून पुण्याला एसटी दिवसभर आहे. त्याच गाडीत पुढच्या टप्प्याचा दुसरा बर्थ मोकळा दिसत असेल तर त्याचं वेगळं तिकीट काढा. दोन पीएनआर होतील. भाडं जास्त पडेल, कारण रेल्वेचं भाडं अंतर वाढतं तसं किलोमीटरमागे कमी होत जातं आणि तिकीट तोडलं की तो फायदा जातो. आरक्षणाचा आकारही दोनदा लागतो. एकाच गाडीत, त्याच रुळांवर, तेवढ्याच अंतराला माणूस जास्त पैसे मोजतो, कारण त्याने रेल्वेची रिकामी जागा भरली. इथे दंड नव्हे, बक्षीस द्यायला हवं होतं.

काही गोष्टी करू नका, हेही सांगतो. वेटिंग राहिलेलं ई-तिकीट घेऊन डब्यात चढू नका. ते आपोआप रद्द झालेलं असतं आणि तुम्ही विनातिकीट ठरता. खिडकीवरचं वेटिंग तिकीट असेल तर जनरलच्या डब्यात जायचं, आरक्षित डब्यात नाही. रिकामा बर्थ दिसला म्हणून त्यावर आधी बसून मग टीसीची वाट बघू नका. टीसीच्या हातात आता यंत्र असतं. न आलेल्या प्रवाशाचा बर्थ त्यात मोकळा दिसतो आणि तो आधी आरएसीवाल्याला जातो, कारण त्याने पूर्ण भाडं भरून अर्ध्या जागेवर बसून प्रवास केलेला असतो. तो हक्क त्याचाच. त्यानंतर जागा उरली आणि टीसीने दिली, तर पैशांची पावती घ्या. पावतीविना घेतलेला बर्थ हा दुसऱ्या कुणाच्या तरी हक्कावर मारलेला हात असतो.

आता मला ज्याचा खरा राग येतो, त्याकडे.

हे सगळं ज्ञान कुणाला आहे? एचएसआरमध्ये संगणकावर बसणाऱ्याला. त्याच्या फोनमध्ये चार ॲप आहेत. याच शहरात उभी राहिलेली कन्फर्मतिकीट आहे, जी २०२१ मध्ये इक्सिगोने घेतली; स्वतः इक्सिगो आहे, रेलयात्री आहे. ही ॲप त्याला सांगतात की वेटिंग सुटायची शक्यता किती, दोन स्टेशनं अलीकडून तिकीट काढलं तर मिळेल का, दोन स्टेशनं पलीकडचं काढलं तर मिळेल का. तरुण मुलांनी डोकं लावून रेल्वेची ही उणीव भरून काढली, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ती उणीव भरून काढणं हे रेल्वेचं काम होतं. रेल्वेच्या बर्थची माहिती रेल्वेच्याच संगणकात असताना प्रवाशाने ती जुळवायला तिसऱ्याच्या दारात का जावं?

आमच्या शेजारच्या इमारतीत गेटवर रात्रपाळी करणारा सुरक्षारक्षक सोलापूर जिल्ह्यातला आहे. रात्रभर जागा असतो, दिवसा झोपतो. चार्ट लागतो नेमका तेव्हा. आयआरसीटीसीवर त्याचं स्वतःचं खातं नाही. गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात पैसे देतो, वर जादा देतो, आणि दुकानदार जे सांगेल ते खरं मानतो. एकदा मी माझ्या फोनवर त्याला चार्ट उघडून दाखवला. त्याच्या गाडीचा, त्याच्याच तारखेचा. स्लीपरच्या डब्यात सोलापूरपर्यंत मोकळा असलेला एक अप्पर बर्थ दिसत होता. त्याने स्क्रीन जवळ धरून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “दादा, मग मला वेटिंग का दिलं?”

मी त्याला कोट्यांचं शास्त्र समजावू शकलो असतो. समजावलं नाही. त्याचा प्रश्न बरोबर होता आणि तो माझ्यासाठी नव्हताच, रेल्वेसाठी होता. आम्ही तो बर्थ तिथल्या तिथे काढला.

अशी माणसं या शहरात फार आहेत. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागांतले गलाई व्यावसायिक पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेतल्या शहरांत सोनं-चांदी गाळण्याच्या कामात आहेत. बेंगळुरूच्या जुन्या सराफ बाजारातही त्यांच्या भट्ट्या आहेत. दुष्काळाने त्यांना घरातून बाहेर काढलं आणि यात्रा-लग्नं त्यांना दरवर्षी गावाकडे ओढतात. मिरजेकडे जाणारी राणी चन्नम्मा ही त्यांची गाडी. गावच्या यात्रेची तारीख बदलता येत नाही, लग्नाचा मुहूर्त चार्ट बघून धरत नाहीत. ज्याच्या प्रवासाची तारीख हलत नाही त्यालाच तिकिटाची सगळ्यात जास्त गरज असते, आणि आरक्षणाच्या शर्यतीत तोच सगळ्यात मागे राहतो, कारण ही शर्यत सकाळी ठरलेल्या मिनिटाला वेगवान इंटरनेट घेऊन बसणाऱ्याची आहे.

आणि ती शर्यतही सरळ नव्हती. रेल्वेनेच २०२५ मध्ये सांगितलं की तत्काळ उघडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत लॉगिन करणाऱ्यांत निम्म्यापर्यंत बॉट, म्हणजे माणूस नसलेले प्रोग्राम असतात. अडीच कोटी संशयास्पद खाती बंद केल्याचंही रेल्वेनेच जाहीर केलं. म्हणजे इतकी वर्षं सकाळी दहाला आणि अकराला आपण यंत्रांशी धावत होतो. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार-पडताळणी सक्तीची केली आणि पहिल्या अर्ध्या तासात एजंटांना बंदी घातली. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही स्पष्ट केलं की रेल्वे कायद्यातलं तिकिटांच्या बेकायदा धंद्याविरुद्धचं कलम १४३ ई-तिकिटांनाही लागू आहे. ही सगळी पावलं योग्य आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली, तेही बरोबर केलं. चार महिने आधी तिकीट अडवून ठेवणाऱ्याला चाप बसला. पण पडताळणीचा हा उंबरठा रात्रपाळीच्या माणसासाठी आणखी उंच झाला, याचा विचार कुणी करायचा? ज्यावर ओटीपी येतो तो फोन त्याच्या भावाकडे गावी असतो. त्याला खातं उघडून देणारी, आधार जोडून देणारी खिडकी प्रत्येक मोठ्या स्टेशनवर हवी, आणि तिथे कानडीबरोबर मराठी, हिंदी, तेलुगू बोलणारं माणूस हवं.

पैशांचंही बोलू. वेटिंग राहिलेलं स्लीपरचं तिकीट आपोआप रद्द झालं तरी माणशी ६० रुपये कापले जातात. तुम्ही काही चुकवलेलं नसतं. रेल्वेने जागा दिली नाही आणि जागा न दिल्याबद्दल तुमच्याकडून पैसे घेतले. रद्द झालेल्या वेटिंग तिकिटांमधून रेल्वेला २०२१ पासून जानेवारी २०२४ पर्यंत सुमारे १,२३० कोटी रुपये मिळाले, हे माहितीच्या अधिकारात बाहेर आलेलं आहे. जागा मिळाली नाही त्या माणसांकडून एवढी रक्कम गोळा होत असेल तर वेटिंग कमी करायची घाई कुणाला असेल? प्रीमियम तत्काळमध्ये तर २०१४ पासून मागणी वाढली की भाडं वाढतं. टंचाई हे उत्पन्नाचं साधन झालं की टंचाई हटत नाही. हा माझा थेट आरोप आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

कुणी म्हणेल, गाड्याच कमी आहेत, रिकाम्या बर्थचं काय घेऊन बसलात? गाड्या कमी आहेत हे शंभर टक्के खरं. बेंगळुरू आणि मुंबई ही देशातली दोन अव्वल शहरं, आणि दोघांना थेट जोडणारी रोजची गाडी म्हटलं की अनेक वर्षं एकट्या उद्यानचंच नाव पुढे येतं. कोइम्बतूर-कुर्ला रोज आहे, पण ती तमिळनाडूतूनच भरून येते. बाकी राजस्थान-गुजरातकडे जाणाऱ्या गाड्या आपल्याला वाटेत घेतात, त्याही रोज नाहीत. २०२५ मध्ये बेंगळुरू-मुंबई आणखी एका थेट गाडीला मंजुरी मिळाली, तीही आठवड्यातून दोनदाच. सप्टेंबर २०२४ पासून हुबळी-पुणे वंदे भारत धावते, ऑगस्ट २०२५ पासून बेंगळुरू-बेळगाव वंदे भारत धावते. दोन्ही चांगल्या गाड्या, पण बेंगळुरूची रात्री बेळगावला सोडते आणि पुण्याची तिथून सकाळी जाते, तीही आठवड्यातले ठरावीक दिवस. दोन्हींची वेळ जुळवली तर बेंगळुरूहून पुण्यापर्यंत दिवसाचा बसून जायचा रस्ता तयार होईल. नवा रूळ टाकावा लागणार नाही, वेळापत्रकात बदल पुरेल.

पण गाड्या कमी आहेत म्हणूनच रिकामा बर्थ जास्त खुपतो. भरल्या घरात एक ताट वाया गेलं तर चालतं; जिथे पंगतीला पानं कमी पडतायत तिथे वाढलेलं ताट उचलून ठेवणं हा गुन्हा आहे. नव्या गाड्यांना डबे लागतात, रूळ लागतात, मंजुरी लागते. त्याला वर्षं जातील. ३९ आणि ४७ जोडायला एक संगणकप्रणाली लागते, आणि ती रेल्वेकडे आहे. रेल्वेची माहिती-प्रणाली सांभाळणारी क्रिस ही संस्था १९८६ पासून आहे. २२ मे २०२५ ला एका मिनिटात ३१,८१४ तिकिटं काढून देण्याचा विक्रम याच यंत्रणेने केला. मिनिटाला दीड लाख तिकिटांची नवी यंत्रणा आणणार असल्याचंही रेल्वेने जाहीर केलं आहे. एवढ्या वेगाने तिकिटं देणारी यंत्रणा दोन रिकामे टप्पे जोडू शकत नाही, हे मला कुणी पटवू नये. ती जोडू शकते. तिला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून रेल्वेकडे मागणं साधं आहे. सलग बर्थ नसेल तर वेटिंगवर टाकण्याआधी विचारा की सोलापूरला बर्थ बदलायची तयारी आहे का. एकाच तिकिटावर, एकाच भाड्यात दोन बर्थ नंबर द्या. चार्ट लागल्यावरही जो प्रवासी बर्थ सोडेल, त्याचा बर्थ पुन्हा विकला गेला तर त्याला भाड्याचा हिस्सा परत द्या, तत्काळच्या प्रवाशालाही. वेटिंग न सुटलेल्या माणसाकडून एक रुपयाही घेऊ नका. आणि चार्ट लागला की कुठल्या गाडीत, कुठून कुठपर्यंत जागा मोकळी आहे, हे केएसआर, यशवंतपूर आणि बैयप्पनहळ्ळीच्या विश्वेश्वरय्या टर्मिनलच्या मोठ्या पडद्यांवर दाखवा. तिथे जाहिराती चालतात. त्यांच्यामधे दहा सेकंद रिकाम्या बर्थना द्या.

वाचकांनाही सांगायचं आहे. तुमच्या सोसायटीतला रक्षक, घरी पोळ्या करायला येणाऱ्या मावशी, इस्त्रीवाला, यांना येत्या सणाला गावी कधी जायचं आहे ते आजच विचारा. चार्ट लागेल त्या वेळी तुमच्या फोनवर त्यांची गाडी उघडा. पाच मिनिटांचं काम आहे. त्यांचं आयआरसीटीसीचं खातं त्यांच्याच आधारवर, त्यांच्याच फोनवर उघडून द्या. आणि स्वतःचा बेत बदलला, तर पैसे परत मिळोत न मिळोत, जमेल तितक्या लवकर तिकीट रद्द करा. यादीत तुमच्यामागे कुणीतरी आहे आणि त्याला त्याच गाडीने जायचं आहे.